जोराला जोडीदार हवा: १५ मिनिटांत ताकदीचा व्यायाम

माझे आबा कऱ्हाडजवळच्या गावात तालमीत जायचे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकहून कुस्तीतलं कांस्यपदक आणलं तेव्हा आबा दहा-अकरा वर्षांचे. त्या वयातल्या पोरावर असल्या गोष्टीचा काय परिणाम होतो ते सांगायला नको. पुढे आम्ही डोंबिवलीला आलो, तालीम सुटली, पण गॅलरीत जोर-बैठका चालूच राहिल्या. आम्ही भावंडं व्यायाम करतोय म्हटलं की आबांचा एकच प्रश्न असायचा: "आज किती?" किती वेळ केलास, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. किती झाले, एवढंच.

चाळिशी उलटल्यावर मीही तेच सुरू केलं. सकाळी डबे भरायचे, ७:५० ची लोकल गाठायची, त्यात जिमला जाऊन यायला तास कुठून आणणार? म्हणून घरच्या घरी पुशअप आणि बैठका. दीड वर्ष बरं चाललं. मग उजवा खांदा पुढून दुखायला लागला. लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहिलं की कळ यायची. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला भिंतीला पाठ टेकून उभं केलं. माझे दोन्ही खांदे भिंतीपासून चांगले पुढे आले होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही नुसतं ढकलताय. ओढत काहीच नाही."

आबांना हे सांगितलं तर ते हसले. तालमीत जोर-बैठका असायच्याच, पण त्याबरोबर हौद्यातली माती खोऱ्यानं उकरायची असायची, दोरावर चढायचं असायचं आणि जोडीदाराला ओढून चीत करायचं असायचं. ही सगळी ओढायची कामं. तालीम सुटली तेव्हा माती गेली, दोर गेला आणि घरी आणता येण्यासारखे तेवढे जोर आणि बैठका आपल्याकडे उरल्या. आपण त्यालाच पूर्ण व्यायाम समजून बसलो.

खाली जी पद्धत देतेय ती दोन प्रश्न एकदम सोडवते. वेळ कमी लागतो आणि ढकलण्याला ओढण्याची जोड मिळते.

वेळ जातो कुठे

दहा पुशअपना ३० ते ४० सेकंद लागतात. मग दोन मिनिटं दम खायचा. असे तीन सेट केले तर काम दोन मिनिटांचं आणि मधल्या दोन विश्रांती मिळून चार मिनिटांच्या. पाच व्यायाम धरले तर दहा मिनिटं काम आणि वीस मिनिटं बसणं. त्यात व्यायाम बदलताना मोबाइल हातात घेतला की तास झालाच म्हणून समजा.

विश्रांती काढून टाकता येत नाही, दमलेल्या स्नायूला ती लागतेच. पण छाती विश्रांती घेत असताना पाठीला काम द्यायला काय हरकत आहे? ढकलताना छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाची मागची बाजू राबते. ओढताना पाठ, खांद्याचा मागचा भाग आणि बेटकुळी. एक राबत असताना दुसरा बसलेला असतो. तुम्हाला दम लागतो हे खरं, पण स्नायू ताजाच असतो.

चार्ल्स स्टेली या अमेरिकन प्रशिक्षकानं याच विचारावर एक पद्धत बांधली आणि तिला 'एस्कलेटिंग डेन्सिटी ट्रेनिंग' असं लांबलचक नाव दिलं. गाभा सोपा आहे. एकमेकांच्या उलट काम करणारे दोन व्यायाम निवडा. घड्याळात १५ मिनिटं लावा. आलटून पालटून छोटे सेट करत राहा. वेळ संपली की एकूण किती झाले ते लिहा. पुढच्या वेळी तेवढ्याच वेळात त्याहून थोडे जास्त करा. म्हणजे आबांचाच प्रश्न, फक्त घड्याळ लावून.

सामान

पाठीवरची मजबूत सॅक, एक लिटरच्या पाच-सहा पाण्याच्या बाटल्या, न हलणारी लाकडी खुर्ची, एक जुनी सुती चादर, मोबाइलचं टायमर, वही आणि पेन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशोब सोपा. माझ्या सॅकमध्ये पाच किलो आट्याची एक बंद पिशवी तळाला असते आणि वर बाटल्या. मधल्या फटीत जुना टॉवेल कोंबा, नाहीतर प्रत्येक वेळी उचलताना आतलं सगळं एका बाजूला घसरतं. डंबेल असतील तर उत्तमच, पण डंबेल आणल्यावर सुरू करू असं ठरवू नका. आमच्या सोसायटीत असे आणून ठेवलेले डंबेल दाराला टेकू म्हणून वापरात आहेत.

जोड्या

तीन जोड्या पुरतात.

पहिली: पुशअप आणि सॅक ओढणं.
दुसरी: बैठक आणि चादर ओढणं.
तिसरी: कमरेतून वाकून उचलणं आणि डोक्यावर ढकलणं.

मोजून बघा. आठवड्यात तिन्ही झाल्या तर ढकलणं दोनदा, ओढणं दोनदा आणि पाय दोनदा होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम सांगतात, तो यात बसतो. त्याच सूचनांतली आठवड्याला १५० मिनिटांची चाल किंवा तत्सम हालचाल मात्र यात धरू नका. ती वेगळी करायची. स्टेशनपर्यंत रिक्षा सोडली तर त्यातली बरीच होऊन जाते.

स्वतः जोडी जुळवायची झाली तर एवढंच बघा की दोन्ही व्यायामांत एकच गोष्ट थकत नाही ना. पुशअप आणि डोक्यावर ढकलणं एकत्र घेतलंत तर दंडाची मागची बाजू चौथ्या मिनिटाला संप पुकारते. सॅक ओढणं आणि वाकून उचलणं वरवर वेगळं वाटतं, पण दोन्हीत कंबर ताठ धरायची असते आणि पकड लागते, त्यामुळे पाठ थकायच्या आधी बोटंच सैल पडतात. ही चूक मी महिनाभर करत होते आणि माझी पाठ कमजोर आहे असा समज करून घेतला होता.

प्रत्येक व्यायाम कसा करायचा

पुशअप ओट्यापासून सुरू करा. हात ओट्याच्या कडेवर खांद्यापेक्षा थोडे रुंद, पाय मागे आणि टाचेपासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत. छाती कडेजवळ न्या आणि परत ढकला. कोपरं कानाच्या रेषेत फाकवू नका, थोडी कमरेकडे वळवा. ओटा कोरडा असू द्या. सकाळी दुधाचं पातेलं उतरवल्यावर राहिलेल्या ओल्या डागावरून माझा हात एकदा सरकला आणि हनुवटी वाचली ती नशिबानं. ओट्यावर सहज जमायला लागलं की पलंगाची कड, मग जमीन. तालमीतला जोर हा पुशअपपेक्षा अवघड असतो, त्यात अंग लाटेसारखं खाली जाऊन वर येतं. जमिनीवरचे पंधरा पुशअप नीट जमल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

सॅक ओढताना डावा हात खुर्चीवर टेका, कमरेतून वाका आणि पाठ सपाट ठेवा. उजव्या हातात सॅकचा वरचा पट्टा, हात सरळ खाली लोंबता. आता सॅक काखेकडे न ओढता कमरेच्या हाडाकडे ओढा. फरक एवढाच आहे, पण सगळा फायदा त्यातच आहे. काखेकडे ओढली की मान आणि खांदा वर चढतो, कमरेकडे ओढली की खवाटा मागे सरकून पाठ काम करते. वर क्षणभर थांबा आणि सावकाश सोडा. उजव्यानं पाच, डाव्यानं पाच. वहीत ते पाचच धरायचे.

बैठक. तालमीतली बैठक चवड्यांवर असते, टाचा उचललेल्या आणि गुडघे पुढे. ती सवयीच्या गुडघ्यांसाठी आहे. आपण टाचा जमिनीला चिकटवून बसायचं. मागे खुर्ची ठेवा, बूड खुर्चीला हलकं टेकवा आणि उठा. धप्पकन बसायचं नाही. गुडघे आत वळू देऊ नका, पायाच्या बोटांच्या दिशेनंच जाऊ द्या. सोपं झालं की सॅक छातीशी कवटाळा.

चादर ओढण्यासाठी चादरीच्या एका टोकाला मोठी गाठ मारा, गाठ दाराच्या पलीकडे वरून टाका आणि दार लावून घ्या. अलीकडे लोंबणारा भाग दोन्ही हातांनी धरा, पाय दाराजवळ आणा, मागे झुका आणि छाती दाराकडे ओढा. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. दार तुमच्यापासून लांब, पलीकडे उघडणारं असलं पाहिजे. मग तुम्ही ओढाल तेव्हा ते चौकटीवर घट्ट बसतं. मी पहिल्या दिवशी उलट्या बाजूनं उभी राहिले. तिसऱ्या ओढीला कडी निसटली, दार माझ्या अंगावर उघडलं आणि मी बुडावर. आतून मुलगी ओरडली, "आई, कोण आलंय?" बाजू बरोबर असली तरी कडी लावा, बिजागऱ्यांचे स्क्रू बघा आणि पातळ फायबरच्या दारावर हे अजिबात करू नका. तसं दार नसेल तर दुसऱ्या जोडीतही सॅकच ओढा.

वाकून उचलताना सॅक दोन्ही हातांनी मांड्यांपुढे धरा. गुडघे किंचित सैल. हातात सामान असलं की गाडीचं दार आपण पार्श्वभागानं लोटतो, तसं बूड मागे न्या. सॅक मांड्यांना घासत गुडघ्यांच्या थोडी खाली जाते. मांडीची मागची बाजू ताणली गेली की परत सरळ व्हा. पाठीला बाक आला तर तिथेच थांबा, त्याच्या वरपर्यंतच तुमची मर्यादा.

डोक्यावर ढकलणं सरळ आहे. सॅकच्या दोन्ही बाजू धरून छातीपासून डोक्यावर. कंबर मागे वाकवायची नाही. खांदा कुरकुरत असेल तर याच्या जागी पुशअप घ्या.

वजन किती आणि सेट केवढा

नीट पद्धतीनं जेमतेम दहा वेळा जमेल आणि अकराव्यांदा फसेल, असं वजन शोधा. स्टेलीचा नियम तोच आहे. मग सेट त्याच्या निम्मा, म्हणजे पाचचा. पहिल्यांदा करताना हे हास्यास्पद सोपं वाटतं. वाटू द्या. दहाव्या मिनिटाला मत बदलतं. पुशअपमध्ये वजनाऐवजी उंची बदला. ओट्यावर वीस जमत असतील तर तो तुमच्यासाठी फार उंच आहे.

अगदी नवीन असाल तर पहिले दोन आठवडे १५ ऐवजी ८ मिनिटांचाच टप्पा ठेवा.

एक टप्पा जवळून

आधी चार मिनिटं अंग मोकळं करायचं: जागच्या जागी चालणं, खांदे फिरवणं, बिनवजनाच्या दहा बैठका आणि प्रत्येक व्यायामाचे चार-पाच सावकाश. मग टायमर.

माझ्या पहिल्या जोडीचा सुरुवातीचा एक सोमवार असा होता. पाच पुशअप, १५ सेकंद. दोन पावलांवर खुर्ची, पाच-पाच ओढी, २५ सेकंद. परत ओट्याशी येईपर्यंत थोडा श्वास. एक फेरी मिनिटभराची. अशा सहा फेऱ्या झाल्या, तीस-तीस. सातव्या फेरीत पाचवा पुशअप रेंगाळला असता हे चौथ्यालाच कळलं, म्हणून चारवर थांबले. हे थांबणं फार महत्त्वाचं. रेटून पाचवा काढला की पुढच्या दोन फेऱ्या वाया जातात. चार-चारच्या चार फेऱ्या झाल्या, एकूण ४६. एव्हाना कुकरची दुसरी शिट्टी झाली होती आणि घाम भुवईवर आला होता. उरलेला वेळ तीन-तीनच्या चार फेऱ्यांत गेला. एकूण ५८.

वहीत ओळ एवढीच: "सोम. ओटा / सॅक ८ किलो. १५ मि. ५८."

विश्रांती किती घ्यायची हे कुणी ठरवून देत नाही. एखादा शब्द बोलता येईल इतका श्वास आला की पुढचा सेट. फेऱ्या मोजताना विसर पडतो, म्हणून मी ओट्यावर शेंगदाणे ठेवते आणि दर फेरीला एक बाजूला सरकवते. शेवटी सगळे खाते.

घड्याळच हाकणारं रूप

काहींना, विशेषतः माझ्या नवऱ्याला, मोकळीक दिली की ते पहिल्या चार मिनिटांत उधळतात आणि मग बसून राहतात. त्यांच्यासाठी मिनिटाला एक सेट हा प्रकार बरा. मिनिट सुरू होताच आठ बैठका, उरलेलं मिनिट विश्रांती. पुढचं मिनिट सुरू होताच आठ वेळा चादर ओढायची. दहा मिनिटांत दोन्हीचे चाळीस होतात. शेवटी १५ सेकंदांपेक्षा कमी विश्रांती उरायला लागली तर सहावर या. उलट शेवटच्या मिनिटातही अर्धं मिनिट रिकामं राहत असेल तर पुढच्या वेळी नऊ.

पुढे कसं सरकायचं

दर वेळी एकूण आकड्यात दोन-तीनची भर पुरे. सुरुवातीचा आकडा ५८ असेल तर त्यात २० टक्के वाढ म्हणजे ७०. तिथे पोचलात की वजन वाढवा आणि खाली येऊन पुन्हा चढा. स्टेली वजन ५ टक्क्यांनी वाढवायला सांगतो. ८ किलोच्या सॅकवर ते ४०० ग्रॅम होतात, म्हणजे अर्धी बाटली जेमतेम. मी सरळ एक पूर्ण बाटली टाकते. आकडा साठच्या आसपास आपटतो, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. मला ५८ वरून ७० ला पोचायला सात सोमवार लागले आणि त्यातल्या दोन सोमवारी आकडा मागे गेला होता. त्यातला एक रात्री लग्नाहून उशिरा आल्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

आकडा वाढवायच्या नादात अर्धे पुशअप पूर्ण म्हणून मोजणं सुरू होतं. सगळ्यांचंच होतं. महिन्यातून एकदा मोबाइल तिरका उभा करून एक टप्पा चित्रित करा आणि स्वतःच बघा. माझ्या पहिल्या चित्रणात मान पुढे काढून मी ओट्याला नाक लावत होते, छाती वीतभर लांब.

आठवडा

सोमवारी पहिली जोडी, बुधवारी दुसरी, शनिवारी तिसरी. दोनच दिवस मिळत असतील तर १०-१० मिनिटांचे दोन टप्पे लावा: एका दिवशी पहिली आणि तिसरी, दुसऱ्या दिवशी दुसरी आणि पुन्हा पहिली. त्यात मध्ये किमान एक दिवस मोकळा. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत मी मिनिटाला एक सेटचा हलका प्रकार घेते, कधी काहीच नाही. एकादशीला नुसत्या चहावर करू नका, काहीतरी पोटात असू द्या.

कुणी आधी विचारून करावं

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मणक्याची गादी सरकलेली असणं, नुकतंच ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामानं साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून वेळ आणि खाणं डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि गूळ-साखर हाताशी ठेवा. जोर लावताना श्वास कोंडू नका, ढकलताना-ओढताना सोडा, रक्तदाब असणाऱ्यांनी तर नक्कीच. छातीत दुखणं, चक्कर, सांध्यात टोचणारी कळ आली की टायमर चालू असला तरी थांबायचं. दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकणं वेगळं, ते दोन-तीन दिवसांत जातं.

खंड पडल्यावर

पडतोच. गणपतीत आमच्याकडे दहा दिवस पाहुणे असतात, ओट्यावर मोदकांची परात असते आणि पुशअपला जागा नसते. परतल्यावर जुना आकडा गाठायला जाऊ नका. दोन आठवड्यांपर्यंतचा खंड असेल तर वजन तेच ठेवा, वेळ १० मिनिटांवर आणा आणि आकडा न बघता एक टप्पा करा. पुढच्या वेळी १५. महिनाभराहून जास्त खंड असेल तर सॅकमधून दोन बाटल्या काढा आणि वहीत नवं पान घ्या.